चतुःसीमा

आबांच्या तोंडी पूर्व-पश्चिम हे शब्द फारसे यायचे नाहीत. वळीव उठायचा तो "बोरीकडनं", मृगाचं आभाळ भरून यायचं ते "आळंदीवरनं", थंडीतला बोचरा वारा "नदीकडचा" आणि चैत्रातली झळ "शिंदवण्याच्या डोंगराची". गोठ्याचे पत्रे बदलायला माणूस लावला, तर त्यालाही ते सांगायचे, "थेऊरकडची चार पत्रं काढ, बोरीकडची राहू दे." त्याला ते बिनचूक कळायचं.

आबा म्हणजे आईचे वडील. माझं आजोळ कोरेगाव मूळ, तालुका हवेली. पुण्यातून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, कुंजीरवाडी, सोरतापवाडी आणि मग उरुळी कांचन. उरुळीला डावीकडे वळून रेल्वेचे रूळ ओलांडायचे आणि नदीच्या अंगाला जायचं. मी वाढले हडपसरला. वडिलांची नोकरी औद्योगिक वसाहतीत, त्यामुळे आमचं घर पुणे महापालिकेच्या हद्दीत आणि सुट्ट्या मात्र सगळ्या मुळा-मुठेच्या काठी. शाळेत पुणे जिल्ह्याचा नकाशा भरून घेत. त्यात नद्या निळ्या रंगवायच्या, तालुक्यांच्या रेषा तुटक काढायच्या. त्या नकाशात कोरेगाव नव्हतं. ते मला कळलं ते आबा आणि आजी यांच्या बोलण्यातून, आणि त्या दोघांचं कोरेगाव एकसारखं नव्हतं.

आबांचं गाव शिवेपासून सुरू व्हायचं. बांध कुठला, ओढा कुणाच्या रानातून उतरतो, नायगावची शीव कुठल्या बाभळीपासून लागते, कुठल्या पाणंदीतून बैलगाडी जाते आणि कुठली नुसती पायवाट, हे सगळं त्यांना पाठ. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे रानाची, हा जुना हिशोब ते बोलता बोलता वापरायचे. आजीचं गाव मात्र माणसांचं. ती दाळिंबची लेक. तिची एक बहीण तरड्याला दिलेली, नणंद भवरापूरला, पाठची चुलतबहीण घाट चढून वाघापूरला. कुठल्याही गावाचं नाव काढलं की आजी आधी विचारायची, "तितं आपलं कोण हाय?" आणि कोणी ना कोणी असायचंच. पुरुषांनी शीव राखली आणि बायकांनी ती रोज ओलांडली. पोळ्याला, पंचमीला, बाळंतपणाला, मयताला बायका या गावातून त्या गावात चालत गेल्या. दहा-बारा गावांचा मुलूख एक राहिला तो या चालण्यामुळे, असं मला वाटतं. तलाठ्याच्या दप्तरात याची नोंद कुठेच नाही.

पुढे नोकरीला लागल्यावर जुनं वाचायचा नाद लागला. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही 1910 सालची संस्था. तिथल्या वाचनाच्या ओघात एका ताम्रपटाची माहिती हाती आली. तळेगाव ढमढेरे इथे सापडलेला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा, शके 690 चा, म्हणजे इसवी सन 768 चा पट. हा तोच कृष्ण, ज्याच्या नावाशी वेरूळचं कैलास लेणं जोडलेलं आहे. दान दिलं तेव्हा राजा गंगवाडीच्या मोहिमेवर होता आणि छावणी आजच्या कर्नाटकातल्या मण्णे इथे पडली होती. तिथे बसून त्याने पूनक विषयातलं एक गाव ब्राह्मणांना दान दिलं. पूनक विषय म्हणजे आपल्या पुण्याचा मुलूख. पुण्याच्या नावाच्या अगदी जुन्या लेखी खुणांपैकी ही एक. याच राजाच्या आणखी दहा वर्षं आधीच्या एका पटात पुण्य विषय असा उल्लेख येतो.

पुण्याच्या इतिहासावरच्या पुस्तकांत हा पट येतो तो बहुधा या एका नावासाठी. पूनक हा शब्द उचलायचा आणि लगेच कसब्याकडे, पुण्येश्वर-नारायणेश्वराकडे, लाल महालाकडे वळायचं. पण दान दिलेलं गाव कुठलं? त्याचं नाव कुमारिग्राम. त्याच्या सोबतीची गावं भामरोपर, अरलुव, सिंदिग्राम आणि तडवळे. आणि त्यांची हद्द अशी: पूर्वेला खंभग्राम, वोरिमग्राम आणि दाडिमग्राम, दक्षिणेला खदिरवेण डोंगर, पश्चिमेला अलंदियग्राम आणि थिउरग्राम, उत्तरेला मुइला नदी.

मी ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. अभ्यासकांनी ही गावं फार पूर्वीच ओळखून ठेवली आहेत. कुमारिग्राम म्हणजे कोरेगाव, भामरोपर म्हणजे भवरापूर, अरलुव म्हणजे उरुळी, सिंदिग्राम म्हणजे शिंदवणे, तडवळे म्हणजे तरडे. खंभग्राम ते खामगाव, वोरिमग्राम बोरी, दाडिमग्राम आजीचं दाळिंब. अलंदिय आळंदी, थिउर थेऊर, आणि मुइला ही आमची नदी. गोठ्याचे पत्रे सांगायला आबा जी गावं वापरत होते, तीच राष्ट्रकूटांच्या लेखनिकाने बाराशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून घेतली होती, आणि त्याच बाजूंना.

पुढच्या रविवारी मी ती यादी वहीत उतरवून कोरेगावला घेऊन गेले. आबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, नजर अधू झालेली, पण कान शाबूत. पडवीत त्यांच्या पायाशी बसून एकेक नाव वाचत गेले. आबांनी प्रत्येक नावाला मान डोलावली, जणू कुणी सातबारा वाचून दाखवतंय. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "तरडं घेतलं, शिंदवणं घेतलं, मधली वळती कुटं गेली?" मी म्हटलं, तेव्हा वळती वसलेली नसेल. त्यावर ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "आन् नायगाव, पेठ? ती बी न्हाईत. म्हंजी आपलं रान तवा थेट थेऊराला लागत हुतं." त्यांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय दिसत होतं ते मला कळत होतं. मधली वस्ती पुसली गेली होती आणि कोरेगावच्या पश्चिमेच्या बांधावरून सरळ थेऊर दिसत होतं. मी त्या पटात इतिहास वाचला. आबांनी शिवार वाचलं.

आजीने एकच विचारलं, "दाळिंब हाय म्हणतीस? तवाबी हुतं?" मी हो म्हटल्यावर ती उठून चहा टाकायला गेली. दुपारी शेजारणीला मात्र तिने तीन वेळा सांगितलं.

त्या पटात राबणाऱ्यांची नावं नाहीत. गाव दिलं कुणाला ते आहे, गाव पेरत कोण होतं ते नाही. आबांनीच एकदा सांगितलेली गोष्ट इथे लिहायला हवी. त्यांच्या वडिलांच्या वेळेस दोन गावांत शिवेचा तंटा झाला की अखेरचा शब्द महाराचा मानत. शीव कुठून जाते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसे, कारण ती राखायचं, दगड जपायचं, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोचवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच गळ्यात होतं. गावाची सीमा ज्याच्या सांगण्यावर ठरायची, त्याची वस्ती मात्र गावाबाहेर. या वतनाच्या बेडीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बिल आणलं आणि ती वतनं कायद्याने गेली 1958 नंतर. जुन्या गावाच्या आठवणी काढताना हे मधलं पान गाळणारे लोक मला आवडत नाहीत. माझ्या गावच्या भूगोलाचे सगळ्यात मोठे जाणकार गावाने वेशीत घेतले नाहीत, हे त्या भूगोलातच मोडतं.

आता पाण्याकडे येते, कारण आमच्या भागात गावाचं नशीब पाण्याने ठरलं.

ताम्रपटातल्या हद्दीत एका टोकाला नदी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर. उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे. शिंदवण्याच्या डोंगरावर पडलेला थेंब ओढ्या-ओढ्याने उरुळी-कोरेगावच्या रानातून मुळा-मुठेला मिळायचा. पुण्यात संगमावर मुळा आणि मुठा एक होतात, मग मुंढवा, मांजरी, थेऊर, कोरेगाव करत ही नदी पुढे वाळकी आणि रांजणगाव सांडसच्या शिवारात भीमेला मिळते. हजार वर्षं हा एवढाच पाण्याचा हिशोब होता. मग खडकवासल्याचं धरण झालं, 1879 च्या सुमारास पुरं झालेलं, आणि त्याचा उजवा पाट हडपसरवरून पार पाटसपर्यंत खोदला गेला. मांजरीत अजून सांगतात की जोतीराव फुल्यांनी तिथे जमीन घेऊन पाटाच्या पाण्यावर बागाईत करून दाखवली, कारण सुरुवातीला शेतकरी पाटाचं पाणी घ्यायला कचरत होते.

त्या पाटाने आमच्या मुलखाचे दोन तुकडे केले. पाटाखालचे आणि पाटावरचे. पाटाखाली ऊस आला, गुऱ्हाळं आली, पुढे थेऊरला साखर कारखाना उभा राहिला, सोरतापवाडीला फुलांचे मळे आणि रोपवाटिका झाल्या. पाटाच्या वर, डोंगराच्या अंगाला, शिंदवणे, तरडे, वळती, दाळिंब इथे बाजरी, हुलगे, मटकी आणि पावसाची वाट. आजी पाटावरची. तिचं लग्न पाटाखाली झालं म्हणून माहेरी तिचा केवढा मान. ती सांगायची, "आमच्या हितं पोरीचं सोनं बघत न्हवते, पोरीला पानी कुटलं ते बघायचे." माहेरहून कुणी आलं की जाताना ती त्यांच्या पिशवीत गूळ, हिरवा भाजीपाला आणि उसाची दोन कांडी भरायची. वरून बाजरी यायची, खालून गूळ जायचा. दोन गावांच्या मधून गेलेला एक कालवा, पण त्याने सोयरिकी, खाणंपिणं, आजार, माणसांची ठेवण सगळं वेगळं करून टाकलं.

1972 चा दुष्काळ आजी सांगायची तो माहेरचा. दाळिंबच्या विहिरी तळाला गेल्या, जनावरं कोरेगावला आणून बांधली, माणसं खडी फोडायला गेली. सरकारी कामावर मिळायची ती सुकडी. तिचा भाऊ दिवसभर खडी फोडून संध्याकाळी चालत कोरेगावला यायचा, गोठ्यातल्या आपल्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचा, भाकरी खायचा आणि परत जायचा. "बैलं बगायला यायचा," आजी म्हणायची, "मला बगायला न्हाई." पण हे सांगताना ती हसायची, कारण भावाच्या धोतराच्या सोग्यात तिच्यासाठी मूठभर सुकडी असायची.

खालच्यांनाही पाण्याने सोडलं नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. पुण्यात काय झालं ते पुण्याने खूप लिहून ठेवलं आहे. शनिवार, नारायण, कसबा पेठेतले वाडे, लकडी पूल, उडालेली धांदल, सगळं आहे. ते पाणी पुढे कुठे गेलं हे फार कमी ठिकाणी वाचायला मिळतं. ते आमच्याकडे आलं. आबा सांगायचे, अंधार पडायच्या बेताला नदीचा आवाजच बदलला. रातोरात खालची रानं गेली. सकाळी पाणी ओसरायला लागलं तेव्हा बाभळींच्या फांद्यांत पुणं अडकलं होतं. सागवानी कड्या, पितळी पातेली, एक पाळणा, गाद्या, बांगड्यांनी भरलेली पत्र्याची पेटी. आबांच्या रानात एका दाराची अख्खी चौकट येऊन रुतली होती. वरच्या पट्टीला तोरणाचा खिळा तसाच, खाली उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं पुसट दिसत होती.

गावात तेव्हा प्रत्येकाला लाकूड हवं होतं, निम्म्या घरांची पडझड झालेली. आबांनी ती चौकट बैल लावून ओढून काढली, धुतली आणि गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली. घराला वापरली नाही. कुणी तरी शोधत येईल म्हणायचे. मी लहान असताना ती तिथेच होती. आम्ही मुलं तिच्यातून आत-बाहेर करायचो, घर-घर खेळायचो, आणि आजी ओरडायची, "लोकाचं दार हाय ते, नीट." बाराशे वर्षांपूर्वीच्या पटातून मला जेवढं कळलं त्याहून शेजार म्हणजे काय हे मला त्या चौकटीपाशी जास्त कळलं. पुण्यातलं ते घर कुणाचं, आम्हाला कधीच समजलं नाही.

उरुळी हे आमच्या सगळ्या गावांचं बाजाराचं आणि स्टेशनचं गाव. पुण्यापुढचा डिकसळपर्यंतचा लोहमार्ग 1858 च्या अखेरीस सुरू झाला. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत अशी स्टेशनं आजही ओळीने आहेत. या रुळांवरूनच मार्च 1946 मध्ये गांधीजी उरुळीला आले. आजी तेव्हा परकरी पोर होती. दाळिंबहून माणसं बैलगाड्या जोडून निघाली, तीही मामाच्या खांद्यावर बसून गेली. तिला भाषण आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की तिथे आजारी माणसांची रांग होती आणि तो म्हातारा त्यांना पोट साफ ठेवा, पाणी गाळून प्या, घर झाडा असलं काहीतरी सांगत होता. "म्या म्हटलं, ह्यो तर आमच्या आजीसारखाच बोलतोय." गांधीजी थोडेच दिवस राहिले, पण निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि मणिभाई देसाई नावाचा गुजरातचा तरुण कायमचा उरुळीचा झाला. पुढे 1967 मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था काढली, संकरित गाईंचं काम देशभर नेलं, 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या गोठ्यात पहिली संकरित गाय आली ती उरुळीहूनच. तिचं दूध पाहून आजी आधी घाबरली होती. इतकं दूध देणारी गाय तिला नीट वाटेना.

देवही आमच्याकडे गावागावांत वाटून घेतलेले. चतुर्थीला थेऊरच्या चिंतामणीला जायचं, तिथेच थोरल्या माधवरावांनी 18 नोव्हेंबर 1772 ला देह ठेवला, नदीकाठी रमाबाईंचं वृंदावन आहे. जेजुरीला जायचं तर शिंदवण्याचा घाट चढून. आषाढात तुकोबांची पालखी लोणीचा मुक्काम उरकून उरुळीवरून यवतला निघते. यवतची पिठलं-भाकरी वारकऱ्यांत प्रसिद्ध, पण दुपारचा विसावा उरुळीचा, आणि आमच्याकडच्या बायका त्या दिवशी पहाटेपासून तव्यावर. ज्यांना पंढरपूर घडत नाही ते आजीच्या दाळिंबला विठ्ठलबनात जातात. आळंद्याही तीन. देवाची, म्हातोबाची आणि चोराची. ज्ञानेश्वरांची ती देवाची. आमच्या शेजारची म्हातोबाची. पाहुणा "आळंदीला चाललोय" म्हणाला की आजी आधी विचारायची, "कंच्या?"

आता पुणं. 15 फेब्रुवारी 1950 ला महापालिका झाली तेव्हापासून पुणं पसरतंय. 1997 मध्ये अडतीस गावं घ्यायचं ठरलं, त्यातली काही पुढे वगळली. 2017 मध्ये अकरा गावं आली, त्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा जिथे जाऊन पडला ती ही दोन गावं. पालिकेत आल्यावरही त्यांचं समाधान झालं नाही आणि शेवटी त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. 30 जून 2021 ला आणखी तेवीस गावं आली. सोलापूर रस्त्याने पाहिलं तर मांजरी बुद्रुक, शेवाळवाडी ही आता पुणं शहर. पुढे लोणी, कुंजीरवाडी, आणि मग ताम्रपटातला मुलूख सुरू.

मी हडपसरला राहते, त्यामुळे गाव शहरात कसं विरघळतं ते मी घरबसल्या पाहिलं आहे. साडेसतरा नळी हे गावाचं नाव. तिथे आता ॲमनोरा आहे, आणि रिक्षावाल्याला साडेसतरा नळी सांगितलं तर तो विचारतो, ॲमनोराच्या कुठल्या गेटला? मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून स्वतःच नगर उभारलं, मालकी हातची जाऊ दिली नाही, त्याचा मला अभिमान आहे. पण बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही. जमीन विकली जाते आणि जाहिरातीत ती जागा विमानतळापासून इतकी मिनिटं, आयटी पार्कपासून इतकी मिनिटं अशी सांगितली जाते. शेजारी कोण ते कुणी सांगत नाही. कुठला ओढा प्लॉटमधून जातो, त्याचं पाणी खाली कुणाच्या रानात उतरतं, हे विचारायला तिथे कुणी उरलेलं नसतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रज ते दांडेकर पूल जो हाहाकार केला, तो पाऊस मोठा होता म्हणून तर होताच. पण ओढ्याची वाट लोकांनी अडवली होती म्हणूनही होता. ओढ्याला स्वतःची वाट माहीत होती. माणसांनी ती पुसली होती.

म्हणून मला खरेदीखताचं कौतुक वाटतं. मोबाइलवर नकाशे आले, उपग्रहाने मोजणी होऊ लागली, तरी जमिनीच्या खरेदीखतात आजही चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस ओढा. मामाने दोन वर्षांपूर्वी शेजारचा थोडा तुकडा घेतला तेव्हा मी सोबत होते. मसुदा करणाऱ्याने चारी बाजूंना नुसते गट नंबर टाकले होते. मामाने ते खोडायला लावले, गट नंबरांबरोबर माणसांची नावं घातली आणि उत्तरेला "ओढा" लिहिलेलं नव्हतं तिथे ओढा लिहायला लावला. तो ओढा आता बारा महिन्यांतले दहा महिने कोरडा असतो, एका बाजूने बांध सरकवत सरकवत निम्मा रानात गेला आहे. मसुदेवाला म्हणाला, "काका, पाणी तरी हाय का त्याला?" मामा म्हणाला, "पानी येतंय तवा त्यालाच येतंय. लिव्ह."

आणि नदी? मुइला आज पुण्याचं सांडपाणी घेऊन येते. उन्हाळ्यात पाण्यावर जलपर्णीचा जाड हिरवा गालिचा, खाली काळं पाणी, डासांचे ढग. आजीने ज्या नदीत वाकळा धुतल्या, आबांनी जिचं पाणी ओंजळीने पिऊन वर जनावरांना पाजलं, तिच्यात मामाची मुलं पाय घालत नाहीत. याच पाण्यावर ऊस उभा आहे. हेच पाणी पुरंदर उपसा योजनेत कोरेगाव मूळला नदीतून उचलतात आणि नळातून शिंदवण्याच्या बाजूने डोंगरापलीकडे पुरंदर तालुक्यात नेतात. कुमारिग्रामातून सिंदिग्रामाकडे. हजारो वर्षं जे पाणी डोंगरावरून नदीकडे उतरत होतं ते आता पंपाने डोंगर चढतं, आणि पाटावरच्या माणसाला पाटाखालचं पाणी पहिल्यांदा मिळतं. वाघापूरची आजीची चुलतबहीण हे पाहायला असती तर तिचा विश्वास बसला नसता. पण मिळतं ते असं पाणी. शहराने वापरून टाकलेलं, बरंचसं न शुद्ध करता सोडलेलं. ते शेतात जातं, विहिरींत झिरपतं, भाजीत उतरतं, आणि ती भाजी पहाटेच्या टेम्पोने पुन्हा मार्केट यार्डात येते.

पुणेकरांना पुण्याच्या पूर्वेला कोण राहतं असं विचारलं तर ते हडपसर म्हणतील, फार तर वाघोली. नदीच्या वाटेने विचार केला तर पुण्याच्या पूर्वेला थेऊर आहे, कोरेगाव आहे, भवरापूर आहे, खामगाव आहे. पुण्याच्या हद्दीचा पट कुणी आज नव्याने लिहायला घेतला तर ही नावं त्यात यायलाच हवीत, कारण शहर रोज त्यांच्या रानात उतरतं. सांडपाणी शुद्ध करणं ही महापालिकेने गावांवर केलेली मेहेरबानी नाही. खालच्या बांधावरच्या शेजाऱ्याचं पाणी घाण करायचं नाही, हा गावगाड्यातला साधा कायदा आहे, आणि तो मोडणाऱ्याला गाव पारावर बोलावून जाब विचारायचं.

आबा गेले, पाठोपाठ आजी. गोठा पाडून मामाने पत्र्याची शेड घातली तेव्हा ती चौकट वाळवीने खाल्लेली निघाली. आता आमचा शेजारधर्म चालतो तो पावसाळ्यात, फोनवर. खडकवासल्यातून पाणी सोडायला सुरुवात झाली की बातम्यांत इतके हजार क्युसेक, तितके हजार क्युसेक असं येतं. मामाला त्या आकड्यांचं काही वाटत नाही. नदीकाठी त्याच्या आणि आणखी वीस-पंचवीस जणांच्या मोटारी असतात, पूर यायच्या आत त्या दोरखंडाने वर ओढाव्या लागतात, नाहीतर वाहून जातात. मी ऑफिसला डेक्कनच्या बाजूला असते. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"भिडे पूल बुडाला का गं?"

"पाणी लागलंय मामा. रस्ता बंद केलाय."

"मुंडव्याला?"

"मुंढव्याला अजून पुलाच्या बरंच खाली आहे. संध्याकाळी जाताना बघून सांगते."

"नगं, तवर उशीर हुईल. आत्ताच काढतो मोटारी." मागे ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज येतो, कुणाला तरी हाका मारलेल्या ऐकू येतात. "ठिव आता फोन. मला भवरापूरला कळवायचंय, ते पुढं खामगावाला सांगत्यात."